हीटिंग उशिरा लावायचं, पण घराला ओल धरू न देता

थंडी आली तरी हीटिंग लगेच लावायचं नाही, जमेल तितकं पुढे ढकलायचं, असं दरवर्षी बऱ्याच घरांत ठरतं. ठरवण्यात काही वावगं नाही. घोळ होतो तो पुढे. हीटिंगबरोबर त्याची तपासणीही लांबते. गारवा आत येईल म्हणून खिडक्या आठवडाआठवडा उघडल्या जात नाहीत, धुतलेले कपडे खोलीतच वाळत पडतात आणि सगळे कुडकुडत ‘अजून दोन दिवस काढू’ म्हणत राहतात. मग एके दिवशी कपाटामागे काळे डाग दिसतात, कुणीतरी वैतागून थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान ठरवणारं बटण) एकदम २५ वर नेतं, आणि नेमकं तेव्हाच कळतं की बॉयलर, म्हणजे हीटिंगचं पाणी तापवणारं यंत्र, सुरू होत नाहीये.

हे टाळायचं असेल तर खालचा क्रम बदलू नका. पहिल्या चार पायऱ्या थंडी पडायच्या आधीच्या आहेत. किती थांबायचं हे खोलीच्या तापमानाने आणि भिंतीवरच्या ओलीने ठरवा. घरात कोण किती सोसू शकतं, हा मुद्दाच नाही.

## पायरी १ : थांबावं की नाही, ते आधी ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीच्या दिवसांत घराच्या आत किमान १८ अंश सेल्सिअस तापमान असावं असं म्हटलं आहे. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जुनाट आजार असलेले यांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं. धडधाकट माणसाने अंगावर पुरेसे कपडे घालून काही दिवस १६-१७ अंशांत काढले तर सहसा बिघडत नाही. पण घरात खालीलपैकी कुणी असेल तर निदान त्यांच्या खोलीपुरतं तरी थांबू नका:

- वयस्कर व्यक्ती, विशेषतः दिवसभर बसून किंवा पडून असणाऱ्या
- तान्हं बाळ
- दमा, हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा थायरॉइड कमी असण्याचा त्रास असलेले

वय झालं की थंडीची जाणीव बोथट होते. म्हणून ‘मला नाही बाई थंडी वाजत’ या वाक्यावर विसंबू नका, खोलीतला थर्मामीटर बघा. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, तोही न जाणवता.

सावधान : शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की ती आणीबाणी असते. बोलणं अडखळणं, गोंधळल्यासारखं वागणं, विचित्र गुंगी ही लक्षणं ओळखा. अशा वेळी हुडहुडी थांबलेलीही असू शकते. ती थांबली म्हणजे माणसाला ऊब आली असं समजू नका. लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

बाळाच्या बाबतीत उलटी चूकही होते. हीटिंग बंद म्हणून त्याच्यावर रजयांचा ढीग घातला जातो. सैल पांघरूण तोंडावर येऊ शकतं. पाळण्यात गरम पाण्याची पिशवी किंवा इलेक्ट्रिक ब्लँकेटही नको. बाळाची खोली थोडी गरम ठेवणं हाच सरळ मार्ग.

## पायरी २ : वापर पुढे ढकला, तपासणी नको

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उन्हाळाभर बंद असलेली यंत्रणा कडाक्याच्या थंडीत पहिल्यांदा सुरू करायची, आणि ती बिघडलेली निघाली की सगळ्या गावाबरोबर तंत्रज्ञाच्या रांगेत उभं राहायचं. हवा अजून बरी असतानाच एक चाचणी घ्या.

१. मेंटेनन्स : गॅस किंवा तेलावरचा बॉयलर, भट्टी यांची वार्षिक तपासणी जाणकाराकडूनच करून घ्या. लाकडाची शेगडी असेल तर धुराडं साफ करून घ्या. बंद धुराड्यात पक्ष्यांची घरटी सापडतात.

२. कार्बन मोनॉक्साइडचा (इंधन नीट न जळल्याने होणाऱ्या विषारी वायूचा) अलार्म : चाचणीचं बटण दाबून आवाज येतो का पाहा आणि मागे छापलेली मुदत वाचा. सेन्सरचं आयुष्य संपलं असलं तरी बटण दाबल्यावर अलार्म वाजू शकतो, त्यामुळे नुसत्या आवाजावर समाधान मानू नका.

३. चाचणी : थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश वर न्या आणि अर्धा-पाऊण तास हीटिंग चालू ठेवा. प्रत्येक रेडिएटरला, म्हणजे गरम पाणी खेळवून खोली तापवणाऱ्या पॅनेलला, हात लावून पाहा. जमिनीखालच्या हीटिंगला गरम व्हायला कित्येक तास लागतात, त्यासाठी अख्खा दिवस द्या.

४. हवा काढणं : रेडिएटर खाली गरम आणि वर थंड लागत असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करा आणि रेडिएटर गार होऊ द्या. मग खालच्या मजल्यापासून सुरुवात करून, हवा काढायच्या छोट्या व्हॉल्व्हखाली फडकं धरून, त्याची किल्ली अर्धा वळसा फिरवा. फुसफुस थांबून पाण्याची सलग धार आली की बंद करा. नंतर बॉयलरवरचा दाब पाहा. घरगुती बंद यंत्रणेत तो थंड असताना साधारण १ ते १.५ बार असतो. कमी असेल तर माहितीपुस्तिकेप्रमाणे पाणी भरा. इमारतीचं सामाईक हीटिंग असेल तर यातलं काहीही स्वतः करण्याआधी व्यवस्थापनाला विचारा.

५. अडकलेला व्हॉल्व्ह : एकच रेडिएटर पूर्ण थंड राहिला तर बहुधा त्याच्या तापमान ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची पिन आत अडकलेली असते. वरची टोपी काढून पिन हलक्या हाताने आतबाहेर होते का पाहा. पक्कड लावून ओढू नका, पाणी उडेल. (उन्हाळ्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले की हा त्रास बराच कमी होतो. पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवा.)

गरम हवा फेकणारी यंत्रणा असेल तर फिल्टर बदला. विजेचे हीटर आधी व्हॅक्यूमने साफ करा. पहिल्यांदा धूळ जळल्याचा वास येतो तो थोड्या वेळात जातो. वास राहिला, किंवा प्लॅस्टिक जळल्यासारखा आला, तर बंद करून तपासून घ्या.

तपासा : सगळे रेडिएटर गरम झाले, दाब टिकला, अलार्म चालू आहे? मग हीटिंग बंद करा. आता थांबायला तुम्ही मोकळे.

## पायरी ३ : दोन आकडे मोजायला लागा

तापमान आणि हवेतली आर्द्रता दोन्ही दाखवणारं एक छोटं यंत्र घ्या. जमलं तर दोन घ्या: एक बसायच्या खोलीत आणि एक सगळ्यात थंड खोलीत, म्हणजे बहुधा ज्या खोलीला दोन बाहेरच्या भिंती आहेत आणि ऊन येत नाही तिथे.

यंत्र आतल्या भिंतीवर, साधारण छातीच्या उंचीवर ठेवा. खिडकीत, टीव्हीमागे किंवा उन्हात ठेवलं तर आकडा खोटा येतो. पहाटे उठल्यावर आणि रात्री झोपताना असे दोनदा आकडे लिहून ठेवा. दुपारचा आकडा सुखावणारा असतो, निर्णयासाठी पहाटेचा धरा.

आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत असावी. दोन-चार दिवस सलग ६५ च्या वर राहिली तर अंगाला थंडी वाजत नसली तरी घराला त्रास सुरू झालेला असतो.

## पायरी ४ : फटी शोधा, पण हवेच्या वाटा बंद करू नका

वारा असलेल्या दिवशी ओला तळहात खिडकीच्या आणि दाराच्या कडेने हळूहळू फिरवा, किंवा टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरा. पट्टी हलली तिथे फट. खिडकीचं रबर सैल आहे का हे पाहायला तिच्यात कागद धरून खिडकी बंद करा आणि कागद ओढा. सहज सुटून आला तर रबर बदलायला झालंय.

दाराखालची फट आधी बुजवा, तिचा फरक सगळ्यात लवकर जाणवतो. मग खिडक्यांच्या कडा, पत्रपेटीची खाच, पोटमाळ्याचं झाकण, पाइप भिंतीतून जातात ती भोकं. न वापरल्या जाणाऱ्या धुराड्यातून बराच गारठा उतरतो. तिथे काढता येणारा अडसर लावा आणि शेगडी पेटवण्याआधी तो काढायचा आहे अशी चिठ्ठी समोरच चिकटवा.

सावधान : भिंतीतली जाळी, खिडकीच्या चौकटीवरची वायुवीजनाची पट्टी, न्हाणीघराचा आणि स्वयंपाकघराचा पंखा या फटी नव्हेत. खोलीत गॅसचं किंवा लाकडाचं काही जळत असेल तर तिथली जाळी बुजवणं जिवावर बेतू शकतं.

## पायरी ५ : ओल बाहेर काढा, रोज

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. २० अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १५ अंशांना १३ च्या आसपास आणि ५ अंशांना जेमतेम ७. आता समजा, घर २० अंशांवर होतं आणि आर्द्रता ५५ टक्के होती. तक्रार करण्यासारखं काहीच नाही. हीटिंग लावलं नाही, खोली १५ अंशांवर आली. वाफ तेवढीच आहे, पण आर्द्रता ७४ टक्क्यांच्या घरात गेली. कपाटामागचा बाहेरच्या भिंतीचा कोपरा ११ अंशांवर असेल तर तिथल्या हवेत ती ९५ टक्के भरते. भिंतीला लागून ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता बरेच दिवस राहिली की बुरशीला एवढं पुरतं. भिंत हाताला ओली लागायचीही गरज नाही.

आणि वाफ तेवढीच राहतही नाही. श्वास, अंघोळ, स्वयंपाक, कपडे यांतून चौघांच्या घरात दिवसाला कित्येक लिटर पाणी हवेत जातं. पिळलेल्या कपड्यांचा एक घाणा आत वाळवला तर त्यातूनच सुमारे दोन लिटर.

म्हणून हीटिंग बंद असताना खिडक्या जास्त उघडायच्या. हे ऐकायला उफराटं वाटतं. ‘बाहेर पाऊस आहे, खिडकी उघडली तर ओल आत येईल’ ही समजूत तर फारच घट्ट. बाहेर ५ अंश आणि हवा वाफेने पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात ७ ग्रॅमच वाफ आहे. तीच हवा आत येऊन १७ अंशांना तापली की तिची आर्द्रता ५० च्या खाली येते. थंड पावसाळी हवाही घर वाळवते.

क्रम असा ठेवा:

१. उठल्यावर समोरासमोरच्या दोन खिडक्या ५ ते १० मिनिटं सताड उघडा. हवा बदलते, भिंती आणि सामान गार होत नाहीत. खिडकी दिवसभर थोडीशी कलती ठेवणं सगळ्यात वाईट: हवा पुरेशी बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गारठते.

२. काचेला घाम आला असेल तर आधी पुसा. फडकं बाहेर किंवा मोरीत पिळा, खोलीत वाळत घालू नका.

३. अंघोळीच्या वेळी न्हाणीघराचं दार बंद आणि पंखा चालू. नंतरही १५-२० मिनिटं चालू राहू द्या.

४. शिजवताना भांड्यांवर झाकण, वरचा पंखा चालू, दार लोटलेलं.

५. कपडे एकाच खोलीत, दार बंद करून, खिडकी उघडी किंवा आर्द्रता शोषणारं यंत्र लावून वाळवा.

६. बाहेरच्या भिंतीला टेकलेली कपाटं आणि पलंग ५ ते १० सेंटिमीटर पुढे ओढा.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ऋतू बदलताना बाहेर १५ अंश आणि रिपरिप पाऊस असेल तेव्हा बाहेरच्या हवेतही १३ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. तेव्हा खिडकी उघडून घर वाळत नाही, आर्द्रता शोषणारं यंत्रच कामाला येतं. ते घेताना एक बघा: कॉम्प्रेसरवर चालणारं यंत्र १५ अंशांच्या खाली मंदावतं. थंड खोलीसाठी शोषक पदार्थावर चालणारं बरं. दोन्ही वापरलेली वीज उष्णतेच्या रूपात खोलीतच सोडतात, ती ऊब फुकटची.

तपासा : हवा बदलल्यावर अर्ध्या तासाने आर्द्रता बघा. आकडा उतरत नसेल तर ओल दुसरीकडून येते आहे: गळका पाइप, छत, बाहेरून भिजणारी भिंत. ते हीटिंग लावूनही सुटणार नाही.

## पायरी ६ : फुकटची ऊब साठवा

ऊन येणाऱ्या खिडक्यांचे पडदे सकाळीच उघडा, काचा स्वच्छ ठेवा. ऊन गेलं की, अंधार पडायची वाट न बघता, पडदे ओढा. पडदा जाड असावा आणि खाली चौकटीपर्यंत किंवा जमिनीपर्यंत टेकावा. खालून उघडा राहिला तर काचेजवळची थंड हवा तिथून खोलीत वाहत राहते.

शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. दिवे, फ्रिज, ओव्हन यांची त्यात भर पडते. संध्याकाळी सगळे एकाच खोलीत बसलात तर फरक थर्मामीटरवर दिसतो. बंद ठेवलेल्या खोल्यांकडे मात्र दुर्लक्ष नको. उबदार खोलीतली दमट हवा थंड खोलीत शिरली की सगळं पाणी तिथल्या भिंतीवर जमतं. त्यामुळे ‘संध्याकाळी बेडरूमचं दार उघडून थोडी ऊब जाऊ देऊ’ असं करू नका. दार बंदच राहू द्या, आणि तिथली हवाही रोज बदला.

## पायरी ७ : खोलीऐवजी माणूस गरम ठेवा

आधी पाय, मग मान, मग बाकीचं. थंड फरशीवर अनवाणी फिरून वर दोन स्वेटर घालण्यात अर्थ नाही. अंगालगत घट्ट, घाम शोषणारा थर, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा, तो मात्र सैलसर, म्हणजे मधली हवा टिकते. पायमोजे बुटात कोंबून बसले तर पाय उलट गार पडतात.

बसून काम करणाऱ्यांनी तासातून एकदा उठून पाच मिनिटं हालचाल करावी. खुर्ची बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर ओढा. हवेचं तापमान तेच असलं तरी थंड भिंत शरीराची उष्णता ओढते, म्हणून १८ अंशांतही काहींना गारठल्यासारखं होतं.

गरम पाण्याची पिशवी: उकळतं पाणी नको, दोन-तृतीयांशच भरा, हवा काढून बूच लावा. रबर कडक झालेलं किंवा चिरलेलं असेल तर टाकून द्या. इलेक्ट्रिक ब्लँकेट फार कमी वीज खातं आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात फायद्याची वस्तू तीच आहे. पण ते घडी घालून, त्यावर सामान ठेवून किंवा गरम पाण्याच्या पिशवीसोबत वापरू नका.

छोटा विजेचा हीटर अर्ध्या तासासाठी, एका खोलीत, एवढाच ठीक. दीड-दोन हजार वॅटचा हीटर रोज चार तास चालवायचा असेल तर हीटिंग लावणंच बहुधा स्वस्त पडेल. हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शनवर नको. पडदे, अंथरूण, कपडे किमान एक मीटर लांब ठेवा. झोपताना बंद करा.

सावधान : गॅसची शेगडी, ओव्हन किंवा कोळसा पेटवून खोली गरम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घरातल्या सगळ्यांना एकदमच डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या, मग मदत बोलवा.

## पायरी ८ : कधी लावायचं

कॅलेंडर बघू नका, शेजाऱ्यांकडेही नको. यांपैकी एक जरी घडलं तरी लावा:

- पहाटेचा आकडा सलग तीन दिवस १६ च्या खाली (पायरी १ मधलं कुणी घरात असेल तर १८ च्या खाली, आणि एकदाच पुरे)
- रोज हवा बदलूनही आर्द्रता ६५ च्या वर
- काचेच्या कडेने, कोपऱ्यात किंवा कपाटामागे बुरशीचा पहिला ठिपका, किंवा कुबट वास
- बाहेर पाणी गोठण्याइतकी थंडी येणार असा अंदाज, आणि पाइप बाहेरच्या भिंतीतून किंवा पोटमाळ्यातून जात असतील
- कुणाची झोप थंडीने मोडते आहे

१६ आणि ६५ हे माझे व्यवहारी आकडे आहेत. तुमच्या जुन्या, दमट घराला ते ढिले वाटतील, तेव्हा आणखी आधी लावा.

दुसऱ्या टोकाचाही एक गैरसमज आहे: ‘भिंती गार झाल्या की त्या पुन्हा तापवायला जास्त खर्च येतो, म्हणून थांबण्यात फायदा नाही.’ उष्णता बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. बाहेर १० अंश असताना आत २० ऐवजी १६ ठेवले तर फरक १० वरून ६ वर येतो, म्हणजे गळती ४० टक्क्यांनी कमी. भिंती तापवायला लागणारी उष्णता ही त्या गार होताना वाचलेल्या उष्णतेहून जास्त नसते. हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने आत आणणारं यंत्र) मात्र वेगळा विचार मागतो. तो कमी तापमानाचं पाणी सतत फिरवत उत्तम चालतो. घर फार गार करून मग घाईने तापवायला लावलं तर विजेचा राखीव हीटर सुरू होतो आणि वाचवलेलं तिथेच जातं. हीट पंप असेल तर फार ताणू नका.

## पायरी ९ : पहिल्या दिवशी हळू

थर्मोस्टॅट १७ वर ठेवा, दुसऱ्या दिवशी १८, मग लागेल तसं. २५ वर ठेवून घर लवकर तापत नाही, ते फक्त जास्त वेळ तापत राहतं. रेडिएटरच्या व्हॉल्व्हवरचे आकडेही वेग दाखवत नाहीत. नेहमीच्या व्हॉल्व्हवर ३ म्हणजे साधारण २० अंश, २ म्हणजे १६ च्या आसपास, आणि हिमकणाचं चिन्ह म्हणजे फक्त पाणी गोठू न देण्यापुरतं. ५ वर ठेवलेला व्हॉल्व्ह खोली २८ पर्यंत नेऊ पाहील.

रेडिएटरवर लोंबणारा पडदा वर उचला, समोरचा सोफा पुढे ओढा. खिडक्या उघडायची सवय तशीच चालू ठेवा, फक्त त्या ५-१० मिनिटांत व्हॉल्व्ह बंद करा. नाहीतर थंड हवा लागून तो पूर्ण उघडतो.

पहिल्या लाटेनंतर पुन्हा उबदार आठवडा येतोच. तेव्हा मुख्य बटण बंद करण्यापेक्षा थर्मोस्टॅट १६ वर ठेवून द्या. गरज नसेल तर हीटिंग आपोआप बंद राहील, आणि अचानक थंडी पडली तर रात्री उठावं लागणार नाही. काही दिवस बाहेरगावी जाणार असाल तर पाइप गोठू नयेत म्हणून हीटिंग कमी तापमानावर चालूच ठेवा, पाण्याचा मुख्य नळ बंद करा आणि स्वयंपाकघरातल्या व न्हाणीघरातल्या पाइपांभोवतीच्या कपाटांची दारं उघडी ठेवून जा.